दोन कानांचें देणें

जुन्नर-आंबेगांवच्या मुलुखांत कुकडी आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर उंसाचे फड उभे राहिले आणि त्यांत बिबट्यानेंहि बिऱ्हाड केलें. रात्रीं पिकास पाणी देणारा शेतकरी पाचट वाजतांच थबकतो. जनावर कोणत्या बाजूस आहे, हा त्याच्यापुढें प्राणाचा प्रश्न असतो. अंधारांत त्याचें उत्तर दोन कानच देतात.

डावीकडील आवाज डाव्या कानीं किंचित् आधीं पोंचतो. हें अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतें. तरी मेंदू तें ओळखतो. शिवाय मस्तकाच्या आडोशामुळें उजव्या कानीं तोच आवाज क्षीण होऊन येतो. आवाज पुढून आला कीं मागून, हें बाह्य कानाच्या वळ्या सांगतात. आणि संशय राहिलाच तर शेतकरी मान वळवून पाहतो.

जुन्नर तालुक्यांतील खोडदची रेडिओ दुर्बीणहि काळाच्या अशाच अंतरावर चालते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या दूरवर विखुरल्या आहेत. आकाशांतील एकच लहर कोणत्या तबकडीस आधीं व कोणत्या तबकडीस मागाहून मिळाली, यावरून तिच्या उगमाची दिशा कळते.

हेडफोनमध्यें हीच दिशा उत्पन्न करण्याचा यत्न जुना आहे. १८८१ मध्यें पॅरिसच्या विद्युत्‌प्रदर्शनांत क्लेमां आदेर यांनीं नाट्यगृहांतील गायन तारांवाटे दोन कानांस निरनिराळें ऐकविलें; तेव्हां नट रंगभूमीवर कोठें उभा आहे, हें श्रोत्यांस जाणवलें. तथापि हेडफोनमधील सामान्य संगीत पुष्कळदां मस्तकाच्या आंतच वाजल्यासारखें भासतें. कारण मस्तकाचा आडोसा आणि कानाच्या वळ्या त्याच्या वाटेंत येतच नाहींत. म्हणून कृत्रिम मस्तकाच्या कानांत मायक्रोफोन बसवून ध्वनिमुद्रण करतात, किंवा तोच परिणाम गणितानें साधतात. परंतु प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी. परक्या कानांनीं टिपलेला पुढचा आवाज कित्येकांस मागून आल्यासारखा वाटतो. मान वळविली असतां खरा आवाज जागींच राहतो, हेडफोनमधील मात्र मानेबरोबर फिरतो. हा दोष घालविण्यासाठीं कांहीं नव्या हेडफोनांत मानेची हालचाल मोजण्याची सोय केलेली असते.

अशा रीतीनें हा भास सत्याच्या जवळ येत चालला आहे, आणि घरीं बसून तो अवश्य अनुभवावा. पण रात्रीं पाण्याची पाळी धरणाऱ्या तरुणानें हेडफोन खुंटीस टांगून जावें. पाचटाची खरी सळसळ ऐकावयास त्याचे दोन्ही कान मोकळे हवेत.