घर नको, रस्ता द्या
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

आज सगळे घराबद्दल बोलले. मी घर नाकारणाऱ्या जोडप्याबद्दल बोलतो.

आपल्या शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटात बैरागडला गेले. लग्नाच्या अटी काय, तर 40 किलोमीटर पायी चालायचं, महिना 400 रुपयांत भागवायचं! डॉ. स्मिताताई नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून गेल्या. तपासणी फी होती 2 रुपये. बांधकाममंत्र्यांनी त्यांची झोपडी पाहून घर बांधून देतो म्हटलं, तर त्यांनी रस्ते मागितले, असं सांगतात. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

आपण पंचवीस वर्षं पाणी आणि पार्किंगवर भांडलो. मीसुद्धा. खालची खोली कुलूपबंदच असते. महिन्यातला एक रविवार तिथं मोफत तपासणी ठेवू. आपल्यातले दोन डॉक्टर तयार आहेत. सचिवसाहेब, किल्ली तेवढी द्या.