फकिराची तलवार आणि गावाची शीव



कादंबरी वाचून झाली की आपण विचारतो, 'गोष्ट काय आहे?' आज थोडं पुढं जाऊन तीन प्रश्न विचारू. माणूस कसा उभा केला आहे? त्याच्याभोवतीच्या वस्तू मुक्यानं काय सांगतात? आणि गोष्टीत हुकूम कोणाचा चालतो? समीक्षेच्या पुस्तकांत यांना व्यक्तिचित्रण, प्रतीक आणि सत्ता अशी भारदस्त नावं आहेत. त्या नावांना भिण्याचं कारण नाही. उदाहरण आपण घरचंच घेऊ : अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० सालचा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. म्हणजे शिराळ्याच्या अगदी शेजारचा. शाळेची पायरी ते जेमतेम चढले. पुढं मुंबई, कामगारांची चळवळ, शाहिरी. १९५९ साली 'फकिरा' आली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, आणि लेखकानं ती अर्पण केली आहे बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. १९६१ साली तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. वारणेकाठची माणसं, त्यांचा बाणा, त्यांची भूक हे सारं तीत आहे.

आधी प्रतीक म्हणजे काय, ते पाहू. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. एक बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती. दारी आलेल्या गोरक्षनाथांनी तिला विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? त्या जिवंत नागांच्या खेळांवर पुढं कायद्यानं बंधनं आणली, तो विषय वेगळा. पण मातीचा नाग आणि जिवंत नाग हा भेद कादंबरीलाही लागू पडतो. लेखकानं नुसता अर्थ सांगायला एखादी वस्तू आणून ठेवली, तर तो मातीचा नाग झाला. चांगल्या कादंबरीतलं प्रतीक आधी खरी वस्तू असतं. गोष्टीत ते वळवळतं, डसतं. अर्थ मागून येतो.

'फकिरा'तली जोगणीची वाटी अशी आहे. शिगावच्या जत्रेतली जोगणी आणली तर वाटेगावात जत्रा भरणार, गावाचं नाव होणार. ती आणायला जातो रानोजी मांग, फकिराचा बाप. रिवाज असा, की जोगणी घेऊन शीव ओलांडली की तो माणूस सुटला. रानोजी शीव ओलांडतो, तरीही खोत त्याला ठार करतो. आता थोडं थांबून विचार करा. ज्या गावाच्या इभ्रतीसाठी रानोजी शीर देतो, त्या गावानं त्याचं घर कुठं ठेवलं आहे? गावकुसाबाहेर! एक शीव त्याला वाचवणार होती, ती वाचवीत नाही. दुसरी शीव त्याला आत घेत नाही. लेखक यावर व्याख्यान झोडीत नाही. वाटी, शीव आणि रक्त एवढंच दाखवतो, आणि आपल्या पोटात कालवतं.

दुसरी गोष्ट हजेरीची. शिक्षक बंधुभगिनींनो, हा शब्द आपल्या रोजच्या तोंडातला आहे. शाळेच्या हजेरीत पोराचं नाव घेतलं की पोर म्हणतं, 'हजर'. त्यात त्याला आत घेण्याचा भाव असतो. 'फकिरा'तली चावडीवरची हजेरी याच्या नेमकी उलटी आहे. तू अमक्या जातीत जन्मलास, म्हणून तू चोर. तेव्हा पुन्हा पुन्हा येऊन तोंड दाखव. हे लेखकाच्या कल्पनेतलं नव्हे. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मुंबई राज्यात तो १९४९ साली गेला, देशभर १९५२ साली. शब्द एकच, पण कोणाच्या हाती पडतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. सत्तेचा धडा याहून सोपा कसा सांगावा?

सत्ता मात्र या कादंबरीत एकरंगी नाही. साहेबाची सत्ता आहे, खोताची आहे. पण विष्णुपंत कुलकर्णीही आहेत. तेही गावचे वतनदारच, तरी उपाशी माणसानं आधी जगलं पाहिजे असं मानणारे. आणि फकिराची स्वतःची सत्ता आहे. तिला ना सनद, ना चावडी. दुष्काळात तो माळवाडीच्या मठकऱ्याचं धान्य लुटतो, ते वाड्यातल्या चुली पेटाव्यात म्हणून. लोक त्याचं ऐकतात, कारण त्याचं पोट त्यांच्या पोटाआधी भरत नाही.

शेवटी सरकार त्याच्या माणसांनाच धरून ठेवतं, तेव्हा त्यांच्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो. शिवाजी महाराजांनी त्याच्या पूर्वजाला दिलेली तलवार तो साहेबाच्या हवाली करतो. हा पराभव म्हणावा का? हात रिकामा होतो हे खरं. पण बळजोरीनं घेतलेली तलवार आणि आपल्या माणसांसाठी आपण होऊन खाली ठेवलेली तलवार, यांत अंतर आहे.

याच्या शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' ठेवून पाहा. माणदेशातली ती धनगरवाडी. तरुण मास्तर सरकारी हुकूम घेऊन येतो. पण वाडीत शाळा उभी राहते ती म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या शब्दावर. तिथं तलवार नाही, बंड नाही. दुष्काळ येतो आणि वाडीच ओस पडते. 'फकिरा'त माणूस डोंगराएवढा दिसतो, 'बनगरवाडी'त माणूस मातीएवढा. दोन्ही खरे.

'फकिरा'त उणीव नाही असं नव्हे. नायक फार निर्दोष आहे, त्याचं मन दुभंगताना क्वचितच दिसतं. त्याची आई राधा, तिचा वैधव्याचा काळ, यावर आणखी थोडं लिहायला हवं होतं असं वाटतं. पण पोवाड्याच्या वळणाची ही कादंबरी. तिचं बळ आणि तिची मर्यादा एकाच मुळातून आलेली आहे.

तेव्हा गुरुजनहो, वर्गात 'फकिरा शूर होता, उदार होता' अशी गुणांची यादी फळ्यावर लिहून थांबू नका. पोरांना विचारा : रानोजी कोणासाठी मेला? ती शीव आज आपल्या गावात कुठं आहे? कोणाचं ऐकायचं, आणि का? उत्तरं वेगवेगळी येतील. येऊ द्यात. आईबापांनीही रात्री दिव्याशी बसून ही कादंबरी पोरांकडून वाचून घ्यावी. त्यातले गाव आणि त्यातली बोली त्यांच्या ओळखीची आहे. पोरांना अडलेला एखादा शब्द कदाचित त्याच सांगू शकतील.