मेदोवृद्धी आणि आपली पंगत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



भोजनापूर्वीचा अर्धा तास मला देण्यात आला आहे आणि विषय लठ्ठपणाचा आहे. मुदपाकखान्यातून साजूक तुपाचा दरवळ येत असताना या विषयावर बोलणे हे धारिष्ट्यच होय.

आपल्या समाजात लठ्ठपणाकडे कौतुकाने पाहतात, नाहीतर थट्टेने. अंगाने भरलेला मनुष्य खात्यापित्या घरचा, एवढ्यावर विचार थांबतो. चरकाचार्य तेथे थांबले नाहीत. सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात त्यांनी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार एकत्र केला. स्थूलतेच्या कारणांत त्यांनी अतिभोजन, गोड व जड अन्न, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची निद्रा ही तर सांगितलीच, पण बीजस्वभावही सांगितला. हा शेवटचा शब्द आपण ध्यानात ठेवावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ साली देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २०.६ जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ मध्ये हा आकडा २४ वर गेला. पुरुषांत तो १८.९ वरून २२.९ झाला. परंतु माझी खरी चिंता या मोजणीत न सापडणाऱ्यांविषयी आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. वजन व उंची यांवरून काढलेला दोघांचा भारांक अगदी समान, २२.३. मात्र युडकिन यांच्या देहात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहात २१.२! दिसण्यात सडपातळ आणि आत मेदस्वी, अशी आपली देहप्रकृती आहे. म्हणून आपल्याकडे शिंप्याची फीत काट्याइतकीच महत्त्वाची. कमरेचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की मधुमेह व हृद्रोग यांची शंका घ्यावी.

हे असे का, याचा शोध याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत घेतला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे इंग्रज बालकांहून पुष्कळच कमी भरले. स्नायू अल्प, पण त्वचेखालील मेद मात्र बराचसा टिकून होता. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेत, त्यांची बालके अधिक भरदार निपजली. भगिनींनो, ज्या घरात गर्भवती सून सर्वांमागून जेवते आणि तिच्या ताटात उरलेसुरले पडते, त्या घरात पुढील पिढीच्या मेदोवृद्धीची तयारी चालू असते. मग जन्मतः कृश असलेल्या त्याच बालकाला आपण पुढे आग्रहाने चौथी जिलेबी वाढतो.

सरकारी उपाय झाले आहेत. केरळने २०१६ साली बर्गर-पिझ्झासारख्या पदार्थांवर शेकडा १४.५ कर बसविला. पुढल्याच वर्षी वस्तू व सेवा कर आल्यावर तो मावळला. मेद, साखर व मीठ अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व त्याभोवती ५० मीटरांत विकू नयेत, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. नियम चांगला आहे. पण आपल्या घरची साबूदाण्याची खिचडी कोणत्या प्राधिकरणाच्या कक्षेत येणार? उपवासाच्या दिवशी आपण नित्याहून अधिक खातो, हे येथे बसलेल्या कोणी नाकारू नये.

आणखी एक गोष्ट थोडी कटू आहे. आपल्या वधूवर-सूचक नोंदवहीत 'मुलगी सडपातळ हवी' ही अट वारंवार आढळते. तीच मुलगी लग्नानंतर सायंकाळी तासभर फिरावयास निघाली, तर सासरी विचारणा होते. जाड मुलीला हिणवून कोणी बारीक होत नाही. ती चोरून खाऊ लागते, एवढेच.

कार्यकारी मंडळापुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. या सभागृहामागचे पटांगण, जेथे सध्या केवळ मोटारी उभ्या असतात, ते रोज सायंकाळी दोन तास स्त्रियांना फिरण्यासाठी व खेळण्यासाठी राखून ठेवावे. आणि पुढील संमेलनापासून पंगतीत एकच पक्वान्न असावे. वाचलेल्या पैशातून ज्ञातीतील गरजू गर्भवतींच्या घरी दूध व फळे पोहोचवावीत. ठराव मी लिहून आणला आहे. भोजनोत्तर सभेत तो मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी द्यावी, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.