मार्करची नळी आणि तिचा आवाज

पेंटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात एक वाद हमखास निघतो. मार्करला, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीला, आवाज कमी करणारी नळी लावावी की नाही? अमेरिकेत शिकायला गेलेला माझा भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, एक बॅरल बघून ठेवलीय, एकदम सायलेंट. घेऊ का?" मी म्हटलं, तू खेळतोस कुठे ते आधी सांग. झाडीत, की फुगवलेल्या आडोशांच्या मैदानात? निम्मं उत्तर तिथेच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी जरा खोलात शिरावं लागतं.

पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला रंग. औषधाच्या मऊ कॅप्सूलचीच ही जात, आणि सुरुवातीच्या काळात अमेरिकेत ती बनवलीही आर. पी. शेरर या कॅप्सूलवाल्या कंपनीनंच. व्यास साधारण 17 मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड तिला मागून रेटतो आणि ती सेकंदाला 280 ते 300 फूट वेगानं बाहेर पडते. 300 ही बहुतेक मैदानांवरची वरची मर्यादा. ध्वनीचा वेग याच्या पावणेचार पट. म्हणून रायफलच्या गोळीमागे हवा फाटल्यासारखा जो कडाका येतो, तो इथे नाहीच. इथला आवाज दोन जागांहून येतो. एक, गोळी सुटल्याबरोबर नळीच्या तोंडातून एकदम मोकळी होणारी हवा. दुसरी जागा मार्करच्या पोटात. टिपमन 98 सारख्या साध्या, दणकट मार्करमध्ये प्रत्येक गोळीला हॅमर पुढे आदळतो आणि मागे फेकला जातो. तो खटका नळीतून येतच नाही. त्यामुळे नळी कितीही भारी घ्या, तो तसाच राहणार. हवेवर आणि बॅटरीवर चालणारे नवे मार्कर मुळातच मवाळ बोलतात. जुन्या पद्धतीचे पंप मार्कर त्याहून शांत, कारण चाप ओढताना त्यांचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, जागचा हलत नाही.

आता नळीचं बघू. गोळीला लागणारा जवळजवळ सगळा वेग नळीच्या पहिल्या आठ-दहा इंचांतच मिळून जातो. नळी असते बारा, चौदा, सोळा इंचांची. मग पुढच्या भागाचं काम काय? तिथे कारागीर बारीक भोकं पाडतात, कधी सरळ रांगेत, कधी पिळाच्या रेषेत. यालाच पोर्टिंग म्हणतात. गोळी त्या भागातून जाताना मागची हवा थोडी थोडी बाजूनं निसटते, तोंडाशी येईपर्यंत तिचा जोर ओसरतो, आणि 'फट्'च्या जागी 'फुस्स' ऐकू येतं. युक्ती खरी आहे, थोतांड नाही. पण भोकं फार मागून सुरू केली, तर गोळीला पुरता वेग मिळायच्या आतच हवा गळायला लागते. मग तोच वेग साधायला प्रत्येक वेळी जास्त हवा सोडावी लागते. जास्त हवा म्हणजे टाकी लवकर रिकामी, आणि आवाजही पुन्हा वर. भोकांनी चाळण झालेली नळी दुकानात दिसायला झोकदार असते, म्हणून ती खपते, एवढंच.

मला खरी मौज वाटते ती वेळेच्या हिशोबात. समोरचा गडी तीस मीटरवर झाडाआड डोकं काढून उभा आहे असं धरा. तुम्ही चाप ओढलात. आवाज त्याच्या कानाशी पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो. गोळी मात्र सेकंदाला फार तर 91 मीटर जाते, आणि हवेच्या अडथळ्यानं वाटेत मंदावतही जाते. तिला तीस मीटर जायला एक तृतीयांश सेकंद तरी हवाच. म्हणजे आवाज आधी पोचतो, गोळी नंतर! मधे पाव सेकंदाहून थोडा जास्तच वेळ उरतो. आवाज ऐकून डोकं खाली घ्यायला सुरुवात करण्यापुरता एवढा वेळ चपळ माणसाला बास होतो. पंचेचाळीस मीटरवर तर त्याला अर्धा सेकंद मिळतो. खेळणारे म्हणतात, 'तो आवाज ऐकूनच वाकला', ती अतिशयोक्ती नाही. शांत नळीचा पहिला खरा फायदा हा आहे.

दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे आपण दोन कानांना तो किती मागेपुढे पोचला आणि कुठल्या कानाला किती जोरात लागला, यावरून ओळखतो. त्या मागेपुढेपणाचं माप एक हजारांश सेकंदाहूनही कमी असतं. आवाज तीक्ष्ण आणि एकदम सुरू होणारा असला की कानांना ते नेमकं पकडता येतं. तोच मऊ, बोथट झाला, त्यात झाडांवरून येणारे पडसाद मिसळले, की दिशा घोटाळते. गोळी झाडली गेली हे समोरच्याला कळतं, पण कुठून ते नाही. रानात खेळणाऱ्याला याचं मोल आहे. फुगवलेल्या आडोशांच्या मैदानात काडीचंही नाही. तिथे दोन्ही संघ एकमेकांना दिसत असतात, दहा मार्कर एकदम तडतडत असतात. त्या कल्लोळात तुमची एक नळी मवाळ बोलली काय आणि ओरडली काय.

आणि रानातही माणूस उघडा पडतो तो मार्करच्या आवाजानं कमी, बाकीच्या गोष्टींनी जास्त. मार्करवरचा हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा, दोनशे गोळ्यांचा. तो अर्धा रिकामा झाला की पळताना असा खडखडतो की समोरच्याला दुसरा निरोप नको. कोरडा पाला, झिपचा आवाज करणारं जाकीट, साथीदाराला घातलेली हाक. शिवाय गोळी फांद्यांतून जाताना आणि झाडावर फुटताना जो आवाज करते, तो कोणत्याही नळीच्या हाताबाहेरचा. खरी शांतता या खेळाच्या पहिल्याच डावात दिसली; तो 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर इथे झाला. बारा जण, आणि हातात नेलस्पॉट 007. हे हत्यार मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणेचा रंग मारण्यासाठी बनलेलं. रानात लपवलेली निशाणं गोळा करायची होती. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलखात्याच्या कामातला माणूस, आणि त्यानं एकही गोळी झाडली नाही. इतका शांत मार्कर बाजारात अजून आलेला नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, पैसे घालायचेच असतील तर आधी नळीचं आतलं माप बघ. नळी गोळीला फार सैल असली तर हवा बाजूनं निसटते आणि गोळी भरकटते. फार घट्ट असली तर गोळी आतच फुटते. जुनी पारख सोपी आहे. मार्करपासून काढलेल्या नळीत गोळी ठेवायची. ती आपोआप घरंगळून जाता कामा नये, पण मागून तोंडानं फुंकर मारली की सुटून जावी. वेगवेगळ्या मापांचे आतले भाग असलेले संच यासाठीच मिळतात. आपल्याकडे लोणावळा-कर्जतच्या बाजूला पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. जिलेटिन हवेतली ओल शोषून घेतं. सकाळी नळीत छान बसणारी गोळी उघड्या पिशवीत राहिली की दुपारपर्यंत फुगलेली असते. भाड्याच्या मार्करवर शांत नळीचा विचार करण्याआधी गोळ्यांची पिशवी बंद ठेवा म्हणावं.

एका गोष्टीत मात्र मी त्याला अगदी ठाम नको म्हटलं. नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचे, आत कप्पे असलेले डबे काही जण विकतात. अमेरिकेत 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टपासून बंदुकीचे सायलेन्सर नोंदणीखाली आहेत, आणि हा कायदा मोडला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथल्या शस्त्रखात्याचं म्हणणं असं की, पेंटबॉलचे आणि एअरगनचे म्हणून विकलेले कित्येक सायलेन्सर तपासणीत खऱ्या बंदुकीचेच सायलेन्सर ठरले. 2010 साली एका अपील न्यायालयानं एअरगनच्या सायलेन्सरच्या खटल्यात आरोपीची शिक्षा रद्द केली. वस्तू बंदुकीवर चालू शकते एवढंच पुरेसं नाही, ती त्या हेतूनं असायला हवी, असं न्यायालयाचं म्हणणं. पण तिथवर पोचायला त्या माणसानं काय काय सोसलं असेल! परदेशात व्हिसावर शिकणाऱ्या पोरानं असल्या कज्ज्याच्या वाटेला जाऊ नये. भोकांची साधी नळी वेगळी. ती उचलून दुसऱ्या बंदुकीच्या तोंडावर चढवता येत नाही.

एक गिऱ्हाईक मात्र या नळीचं हक्काचं आहे, आणि ते म्हणजे मैदानाचा मालक. शेजारी घरं असली की रविवार सकाळच्या तडतडाटाच्या तक्रारी येतात, आणि तक्रारींनी मैदानं बंद पडू शकतात. भाड्याच्या मार्करना थोड्या लांब, भोकांच्या नळ्या लावणं त्याला परवडण्यासारखं आहे. घरामागच्या अंगणात नेम धरणाऱ्यालाही तेच लागू.

भाचा रानात खेळतो. चेहऱ्याचा मास्क त्याच्याकडे चांगला आहे, नळीचं माप त्यानं जुळवून घेतलंय. तेव्हा घे म्हटलं, चौदा इंची, भोकं फक्त पुढच्या भागात असलेली. फक्त एक कटकट सोबत येणार आहे. आत गोळी फुटली की रंग त्या बारीक भोकांत जाऊन बसतो आणि पुढच्या गोळ्या वाकड्या जातात. रंग पाण्यात विरघळणारा असतो, तेव्हा कोमट पाणी पुरे, रॉकेल-थिनर नको. आणि नळी साफ करायचा बोळा खिशात ठेव, घरी कपाटात नव्हे.