लोकरीची मांडणी

ग्रामीण धाटणीच्या घरांत विणकामाची लोकर ठेवण्यास निराळें कपाट लागत नाहीं. जुन्या वाड्यांतील कोनाडा, फडताळ आणि बुरुडाची परडी एवढें साहित्य पुरेसें होतें. सारवलेल्या भिंतीवर किरमिजी, मोरपंखी व हळदी रंगांच्या लडी खुलून दिसतात.

ही मांडणी लोकरीच्या रक्षणासहि उपकारक आहे. लोकर केराटिन नामक प्रथिनाची बनलेली असते आणि तेंच कसरीच्या अळीचें अन्न होय. उडणारा पतंग लोकर खात नाहीं; त्याची अळी खाते. तिला अंधार व निवांतपणा मानवतो. म्हणून ट्रंकेच्या तळाशीं विसरलेली लोकर आधीं कुरतडली जाते. हाताखालची सहसा वांचते.

तथापि थेट उन्हानें रंग उडतो, यास्तव खिडकीसमोरचा कोनाडा वर्ज्य करावा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारें ३० टक्के ओलावा शोषूनहि हातास कोरडीच लागते. म्हणून पावसाळ्यांत ओल धरणारी भिंत टाळावी व महिन्यांतून एकदां लडी झटकून ठेवाव्या. दीर्घकाळ ठेवावयाची लोकर घट्ट गुंडाळूं नये. सततच्या ताणानें तिची लवचिकता कमी होते.

लडीवरील चिठ्ठी मात्र जपावी. तींत रंगविण्याच्या खेपेचा क्रमांक असतो. दुसऱ्या खेपेंत तोच रंग किंचित् निराळा उतरतो. कसरीनें एक लडी खाल्ली आणि चिठ्ठीहि हरवली, तर अर्धा विणलेला स्वेटर सुयांवर तसाच राहतो.