घडीच्या पोळीतला त्रिकोण
(वार्षिक निधिसंकलन कार्यक्रमातील भाषण)



आजचा निधी गावाकडच्या बालवाड्यांसाठी जाणार आहे, म्हणून कार्यकारिणीने मला विषय दिला : दोन-तीन वर्षांच्या मुलांना घरच्या घरी आकार कसे शिकवावेत. विषय ऐकून एकीने विचारलंच, "त्यात काय बोलणार? दुकानात आकारांचा डबा मिळतो, आणून द्यायचा." डबा काही वाईट नाही हो. पण आकार मुलाच्या आधी हाताला कळतो, मग डोळ्याला, आणि नाव येतं सगळ्यात शेवटी. आपण नेमके उलटे जातो. नाव आधी पाठ करून घेतो आणि पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावतो!

हे मी पदरचं सांगत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरीची ती सुबक लाकडी साधनं खेड्यातल्या शाळेला परवडणारी नव्हती. मग काय केलं? शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे. वाटोळे खडे एकीकडे, टोकदार दुसरीकडे. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ 1957 मध्ये केंद्र घेऊन कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवायची, असं त्यांचं काम. 'अंगणवाडी' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द त्या अंगणातून आलेला आहे.

आणि तो सगळा मुलूख वारल्यांचा. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चित्रांत माणूस म्हणजे एकमेकांना टोकं लावलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं. सूर्य-चंद्र गोल, डोंगर त्रिकोणी. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं कागदावर आणली, जगभर नेली आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळवली. भिंतीवर एवढं असताना मुलांना वेगळा तक्ता कशाला लागतो?

आता ग्वेल्फमधल्या आपल्या स्वयंपाकघरात येऊ. जानेवारीत बाहेर उणे पंधरा, मूल घरात कंटाळलेलं. घडीची पोळी करायला घ्या आणि त्याला शेजारी स्टुलावर बसवा. लाटी लाटली, गोल. तेल-पीठ लावून एक घडी, अर्धा गोल. दुसरी घडी, झाला त्रिकोण! एकाच कणकेतून तीन आकार निघतात, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत एकातून दुसरा होतो. हे कुठल्याही डब्यात मिळत नाही. त्याच्या हातातही छोटा गोळा द्या. (कच्ची कणीक तोंडात जाऊ देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलाला राजमा, मणी, बटणं खेळायला नकोत, घशात अडकतात.) ताटात रांगोळीसारखं पीठ पसरून त्यात बोट फिरवू द्या. आकाशकंदिलाचे चौकोन आणि त्रिकोण तुम्ही कापा, चिकटवायचं काम त्याचं. वाकडं लागलं तर वाकडंच टांगा.

एक गोष्ट मात्र जपा. पुस्तकातला त्रिकोण नेहमी पाया खाली ठेवून ऐटीत बसलेला असतो. मुलं तेवढाच ओळखतात. उलटा केला, लांबट केला की "हा नाही" म्हणतात. म्हणून आकार फिरवून दाखवा. शंकरपाळं सरळ धरा, टोकावर उभं करा. उन्हाळ्यात स्पीड नदीवरच्या आपल्या लाकडी छपराच्या पुलावर न्या. टिंबर फ्रेमर्स गिल्डच्या लोकांनी 1992 मध्ये बांधलेला हा पूल. त्याच्या बाजूच्या फळ्या अशा तिरप्या जोडल्यात की दोन्हीकडे शंकरपाळीच शंकरपाळी. येताना कोपऱ्यावरची थांबायची लाल पाटी दाखवा आणि कोपरे मोजा, आठ भरतील. अष्टकोन! आपल्या शब्दांत कोपऱ्यांचा आकडाच बसलेला आहे : त्रिकोण, चौकोन, षटकोन. इंग्रजी शब्द डे-केअरमध्ये येणारच आहेत, ते अडत नाहीत. मराठी शब्द घरात नाही आला तर कुठे येणार?

घाई मात्र नको. बघून गोल काढायला साधारण तीन वर्षं लागतात, चौकोनाला चार, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन "काढ त्रिकोण" म्हणणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. आजोबाही.

आता निधीचं. देणगीच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत, 'साहित्य' आणि 'शिक्षिकेचं मानधन'. पहिला पटकन भरतो, कारण खेळण्यांच्या पेटीचा फोटो छान येतो. दुसरा दरवर्षी मागे राहतो. पण खडे, बिया, पानं बालवाडीच्या दारात फुकट मिळतात. मुलाशेजारी बसून "हा गोल का गं घरंगळला?" असं विचारणारी बाई फुकट मिळत नाही, आणि चार महिने मानधन थकलं की ती दुसरं काम धरते. पेटी मग कुलपात राहते. तेव्हा यंदा दुसरा रकाना आधी वाचा, एवढी विनंती.

बाहेर डावीकडच्या टेबलावर कणकेचे गोळे आणि रंगीत कागद मांडून ठेवलेत. नातवंडांना घेऊन या. फॉर्म त्याच टेबलावर आहेत, पेनं उजव्या डब्यात.