अक्षरओळखीकडून वाचनाकडे
(अलिबाग तालुक्यातील शिक्षक, अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जेथे जमलो आहोत, तेथून जवळच आक्षी हे गाव आहे. तेथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. मराठी भाषा दगडावर लिहिली गेल्याला या किनाऱ्यावर हजार वर्षे होऊन गेली. त्याच किनाऱ्यावरील तिसरीतले एखादे मूल आज पुस्तकातील एका साध्या ओळीवर अडखळते, ही गोष्ट आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

या मुलाला काहीच येत नाही, असे नाही. त्याला मुळाक्षरे येतात, बाराखडी तोंडपाठ असते, फळ्यावरचे सुटे अक्षर ते बिनचूक सांगते. परंतु गोष्टीचे पुस्तक हाती दिले की ते अक्षराअक्षरावर थांबते. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो आणि ‘काय वाचलेस?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. चौथीनंतर इतिहास, भूगोल, विज्ञान हे सारेच विषय वाचून समजून घ्यावयाचे असतात. ज्याचे वाचन तिसरीत अडले, त्याचे पुढचे सर्वच शिक्षण अडते. म्हणूनच ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत घातली.

अडचण कोठे आहे?

चौतीस व्यंजने बारा स्वरचिन्हांशी जोडली, तर चारशे आठ आकार होतात. जोडाक्षरे त्याहून निराळी. शिकवण्याच्या रूढ क्रमात जोडाक्षरे शेवटी येतात. पण गोष्टीत ती पहिल्याच ओळीपासून भेटतात. ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘माझ्या’, ‘म्हणून’, ‘तुझ्या’ या शब्दांवाचून मराठीत गोष्ट सांगताच येत नाही. मुलाला जे अक्षर अजून शिकवलेलेच नाही, तेच पानोपानी त्याची वाट अडवून बसते.

दुसरी अडचण उच्चाराची आहे. मराठी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, असे आपण म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी संपूर्ण खरे नाही. ‘बदक’ या शब्दातील अखेरचा ‘क’ आपण पूर्ण उच्चारत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ एक नव्हे. सुटी अक्षरे जोडून मूल जो ध्वनी काढते, तो त्याच्या कानावरच्या शब्दाशी जुळला, तरच त्याला अर्थ लागतो. हा जुळणीचा क्षण म्हणजेच वाचन होय.

इंग्रजीचा दाखला आणि मराठीची प्रकृती

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये २२० शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणारे हे शब्द पाहताक्षणी ओळखता यावेत, हा तिचा हेतू होता. इंग्रजीत त्याची निकडही आहे. कारण तेथे एक या अर्थाच्या ‘वन’ शब्दाचे स्पेलिंग ‘ओ’ या अक्षराने सुरू होते. मराठीची प्रकृती अशी नाही. येथे अक्षरांचा पाया पक्का हवा आणि तो सोडून केवळ शब्दांचे घोकंपट्टीचे पाठ देणे हे घातक ठरेल. शब्दाच्या आकारावरून अंदाज करणारे मूल ‘होता’च्या जागी ‘होती’ वाचते आणि वाक्याचा अर्थच पालटतो.

म्हणून यादी उसनी घेऊ नये, त्यातील विचार घ्यावा. अक्षरे आणि अर्थ यांची सांगड घालण्याचे प्रयोग आपल्या महाराष्ट्रातही झाले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे मुलाच्या परिसरातून शिक्षण उभे केले. फलटण येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. आपला कार्यक्रम याच वाटेने जावा.

शंभर शब्द, सारी शाळा

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक शाळेने शंभर शब्दांची यादी करावी. त्यांपैकी साठ शब्द पाठ्यपुस्तकात सतत येणारे असावेत : आणि, पण, मग, आहे, नाही, म्हणून, त्याने, माझ्या, कुठे, असे. उरलेले चाळीस गावातले असावेत : होडी, जाळे, भरती, ओहोटी, सुपारी, नारळ, बंदर, खाडी, मीठ. आठवड्यास पाच शब्द घेतले, तर वीस आठवड्यांत यादी पूर्ण होते.

हा कार्यक्रम एका वर्गाचा नसून साऱ्या शाळेचा असावा. आपल्या बऱ्याच शाळा दोन शिक्षकी आहेत. एक शिक्षक दोन इयत्ता सांभाळतो. त्या आठवड्याचे पाच शब्द परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर यावेत, पहिलीतल्या मुलाने ते ओळखावेत, दुसरीतल्याने वाक्यात वाचावेत, चौथीतल्याने त्यांवर चार ओळी लिहाव्यात आणि त्या ओळी पहिलीतल्या मुलास वाचून दाखवाव्यात. मोठ्या मुलाचे लेखन हेच लहान मुलाचे वाचनपुस्तक होईल.

शब्द दाखवताना त्यातील अक्षरे बोट ठेवून दाखवावीत. ‘होता, होती, होते’ हे शब्द एकत्र मांडून शेवटच्या चिन्हाकडे मुलाचे लक्ष वेधावे. शब्द ओळखीचा झाला, तरी अक्षर नजरेआड होता कामा नये.

घरची बोली

या किनाऱ्यावर आगरी, कोळी, कातकरी अशा बोली घराघरांत बोलल्या जातात. कोर्लई येथे तर पोर्तुगीजमधून घडलेली एक स्वतंत्र बोली आजही नांदते. कोळीवाड्यातील मूल ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हणाले किंवा ‘मासळी’ला ‘मासली’ म्हणाले, तर त्याने शब्द वाचला, असेच समजावे. प्रमाण उच्चार पुढे येतील. पहिल्याच दिवशी त्याच्या घरच्या बोलीवर चूक म्हणून फुली मारली, तर ते वाचणेच सोडून देईल.

ऋतू आणि शाळा

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि कोकणातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात. एरवी समुद्रावर असणारे वडील या दिवसांत घरी असतात. पालकसभेस याहून योग्य वेळ नाही. ज्या पालकास वाचता येत नाही, तोही मुलाकडून रोज पाच शब्द ऐकून घेऊ शकतो.

कातकरी कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे वीस आठवडे मध्येच तुटतात. अशा मुलाच्या शिक्षण हमी पत्रकासोबत त्याला येणाऱ्या शब्दांची यादी व शब्दपत्त्यांचा एक जुडगा द्यावा, म्हणजे जेथे ते जाईल तेथील शिक्षकास आरंभ कोठून करावा हे कळेल. हे मूल गळाले, तर आपला कार्यक्रम कागदावर यशस्वी आणि प्रत्यक्षात अयशस्वी ठरेल.

पंचायतीचे काम

ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात यासाठी अल्पशी तरतूद करावी. शाळेची भिंत, समाजमंदिर, एस.टी.चा थांबा, पाणवठा या ठिकाणी त्या त्या आठवड्याचे शब्द ठळक अक्षरांत लिहिता येतील. शाळा व्यवस्थापन समितीने महिन्यातून एकदा बसून मुलांचे वाचन ऐकावे.

अधिकारी बंधूंना एक विनंती आहे. किती पत्ते छापले, किती भिंती रंगवल्या याची माहिती मागवू नये. प्रत्येक मुलास एकेकटे जवळ बसवून तीन गोष्टी पाहाव्यात : सुटा शब्द ओळखतो का, तोच शब्द वाक्यात वाचतो का, आणि पूर्वी न पाहिलेल्या उताऱ्यात तो वाचून अर्थ सांगतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ येईल, तेव्हाच तो शब्द त्या मुलाचा झाला.

आक्षीचा लेख कोरणाऱ्याने तो कोणीतरी वाचील, या विश्वासाने कोरला असेल. ज्या गावात तो उभा आहे, तेथील आणि अवघ्या किनाऱ्यावरील प्रत्येक मूल तिसरी ओलांडण्यापूर्वी आपल्या भाषेतील एक पान समजून वाचील, एवढी जबाबदारी आपण या जूनपासून पत्करू या.